दोन जुनी औषधं, एक चाचणी: आयसिस-2 मध्ये काय तपासायचं हे कसं ठरलं

हार्ट अटॅकवर औषधांची टंचाई कधीच नव्हती. 1980 च्या सुमारास एखाद्या चांगल्या कार्डिअ‍ॅक युनिटमध्ये गेलात, तर लिग्नोकेन, नायट्रेट, बीटा ब्लॉकर, हेपॅरिन, ग्लुकोज-इन्सुलिन-पोटॅशियमचं मिश्रण यांपैकी कशाचा ना कशाचा पुरस्कर्ता हमखास भेटला असता. प्रत्येकाकडे आपल्या औषधाच्या बाजूचा एखादा छोटा अभ्यास असे, आणि उलट निकाल देणारा अभ्यास कसा फसला होता याचं स्पष्टीकरणही तयार असे. टंचाई होती ती वेगळ्याच गोष्टींची. हजारो रुग्ण लागणारी चाचणी तीन-चार वर्षं खाते, शेकडो इस्पितळांचा वेळ घेते, आणि एकदा सुरू झाली की मध्येच औषध बदलता येत नाही. चाचणी कशी केली यावर पुष्कळ लिहिलं जातं. अमुकच औषध का घेतलं, यावर फारसं कोणी लिहीत नाही. हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नाचं आहे.

चाचणीचं नाव आयसिस-2. ऑक्सफर्डमधून चालवलेल्या या चाचणीत मार्च 1985 ते डिसेंबर 1987 या काळात 16 देशांतल्या 417 इस्पितळांमधून 17,187 रुग्ण घेतले गेले, आणि ऑगस्ट 1988 मध्ये ‘लॅन्सेट’ने निकाल छापला. हृदयरोगतज्ज्ञ पीटर स्लाइट, संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड पेटो आणि त्या वेळी तरुण असलेले डॉक्टर रोरी कॉलिन्स ही त्यामागची ठळक नावं. त्याआधीच्या आयसिस-1 च्या उभारणीत आणखी एक माणूस होता, सलीम युसुफ: केरळात जन्मलेले, बंगळूरच्या सेंट जॉन्समध्ये डॉक्टर झालेले, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला पोचलेले. आयसिस-1 मध्ये अ‍ॅटेनोलॉल हा बीटा ब्लॉकर 16,027 रुग्णांवर तपासला गेला. त्याचा निकाल 1986 मध्ये छापून आला, म्हणजे आयसिस-2 सुरू झाल्यावर. पण निकालाआधीच एक गोष्ट सिद्ध झाली होती. रोजच्या कामाच्या धबडग्यातली साधी इस्पितळंसुद्धा, फॉर्म छोटा ठेवला आणि फोनवर नोंदणी केली, तर हजारोंनी रुग्ण देऊ शकतात. यंत्रणा हाताशी होती. आता तिच्यातून कोणतं औषध चालवायचं, एवढाच प्रश्न होता.

गुठळी आधी की झटका आधी

आज शाळकरी मुलालाही माहीत असतं, की हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की झटका येतो. 1970 च्या दशकात मात्र यावर खरोखरच वाद होता. शवविच्छेदनात गुठळी कधी सापडे, कधी नाही. त्यामुळे स्नायू आधी मरतो आणि गुठळी मागाहून धरते, असं मानणारे पॅथॉलॉजिस्ट कमी नव्हते. त्यांचं खरं असतं, तर गुठळी विरघळवणारं औषध देणं म्हणजे साप निघून गेल्यावर भुई धोपटणं ठरलं असतं.

हा वाद अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातल्या मार्कस डीवुड यांनी जवळजवळ मिटवला. झटका सुरू असतानाच त्यांनी रुग्णांच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी केली, आणि हे धाडस त्या काळी अनेकांना अघोरी वाटलं होतं. 1980 मध्ये छापलेल्या त्यांच्या अहवालात पहिल्या 4 तासांत तपासलेल्या 126 रुग्णांपैकी 110 जणांची वाहिनी पूर्ण बंद होती, म्हणजे 87 टक्के. उशिरा तपासलेल्यांमध्ये हे प्रमाण घटत गेलेलं दिसलं. गुठळी सुरुवातीला असते आणि काहींच्या शरीरात ती आपसूक विरघळते, असा याचा सरळ अर्थ होता. शवविच्छेदनात ती कधी सापडे आणि कधी नाही, याचा उलगडाही त्यातून झाला.

गुठळी विरघळवणारं औषध तर कधीचं कपाटात पडून होतं. 1933 मध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं होतं, की स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंच्या द्रावात रक्ताची गुठळी विरघळते. त्यातून पुढे स्ट्रेप्टोकायनेज आलं. (आपल्याकडे कॅज्युअल्टीतले रेसिडेंट डॉक्टर त्याला नुसतं ‘एसटीके’ म्हणतात, आणि ते देण्याला ‘लायसिस केलं’.) रक्तातल्या प्लास्मिनोजेनपासून ते प्लास्मिन तयार करवतं आणि प्लास्मिन गुठळीतलं फायब्रिनचं जाळं तोडतं. हार्ट अटॅकसाठी त्याचा वापर 1950 च्या दशकाच्या अखेरीपासून सुरू होता. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत शिरेतून अशी औषधं देण्याच्या 24 चाचण्या झालेल्या होत्या आणि त्यांत मिळून सुमारे 6,000 रुग्ण होते.

तरीही डॉक्टर ते देत नव्हते. बहुतेक चाचण्यांनी ‘लक्षणीय फरक आढळला नाही’ असा शेरा मारला होता, काहींनी मोठा फायदा सांगितला होता, आणि रक्तस्रावाच्या गोष्टी सगळ्यांच्या कानावर होत्या. इथे पेटो-कॉलिन्स-युसुफ यांनी केलेलं काम वरवर कारकुनी दिसतं, पण निवडीचा कणा तोच आहे. त्यांनी या सगळ्या चाचण्या एकत्र मांडल्या. प्रत्येक चाचणीत औषध मिळालेल्यांची तुलना त्याच चाचणीतल्या औषध न मिळालेल्यांशी केली आणि फक्त फरकांची बेरीज केली. 1985 मध्ये ‘युरोपियन हार्ट जर्नल’मध्ये छापलेल्या या आढाव्यात शिरेतून दिलेल्या औषधाने मृत्यूची शक्यता सुमारे 22 टक्क्यांनी घटलेली दिसली. सुटी सुटी पाहिली तर फसलेली वाटणारी मालिका एकत्र केल्यावर बोलू लागली.

मग छोट्या चाचण्यांना हे का दिसलं नाही? हिशेब मांडूनच पाहू. समजा औषधाविना 100 पैकी 12 दगावतात आणि औषध त्यातला पाचवा हिस्सा वाचवतं. दोन्ही गटांत 500-500 रुग्ण घेतले, तर मृत्यू साधारण 60 आणि 48 होतील. फरक 12. पण निव्वळ योगायोगाने या फरकात होणारा चढउतारच 10 च्या घरात असतो. म्हणजे औषध खरोखर गुणकारी असूनही चाचणी ‘फरक नाही’ म्हणण्याची शक्यता भरपूर. आता प्रत्येकी 8,500 घ्या. मृत्यू 1,020 आणि 816, फरक 204, आणि योगायोगाचा चढउतार 40 च्या आसपास. असा फरक नशिबाने पडत नाही. हजार रुग्णांची चाचणी त्या काळी मोठी समजली जायची, आणि हार्ट अटॅकच्या बाबतीत ती अगदीच तोकडी होती.

‘पाचवा हिस्सा’ ही अपेक्षाही जाणूनबुजून माफक ठेवलेली होती. मृत्यू निम्म्यावर आणणारं औषध असतं, तर ते एव्हाना कुणाच्याही नजरेत भरलं असतं. उरलेली औषधं मध्यम गुणाचीच असणार, पण हा आजार इतक्या लोकांना होतो की मध्यम गुणही जगभरात हजारो जीव वाचवतो. औषध निवडताना ही अपेक्षा आधी ठरवली, हे मला या गटाचं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. चमत्काराची वाट पाहणाऱ्याने स्ट्रेप्टोकायनेज आणि अ‍ॅस्पिरिन दोन्ही बाद केली असती.

टीपीए का नाही

त्याच सुमारास अमेरिकेत एका नव्या औषधाचा गाजावाजा होता. टीपीए हे जनुकीय तंत्राने बनवलेलं, गुठळीवर नेमकं काम करणारं आणि महाग औषध होतं. 1985 च्या टिमी-1 चाचणीत टीपीएने दीड तासात 62 टक्के रुग्णांच्या बंद वाहिन्या उघडल्या, तर स्ट्रेप्टोकायनेजने 31 टक्के. दुप्पट! हे पाहून जुनं औषध तपासण्यात कोण वेळ घालवेल?

पण वाहिनी उघडली म्हणजे माणूस जगला, हे गृहीतच आहे. झटक्यानंतरच्या औषधांमध्ये असं गृहीत कसं अंगलट येतं, याचा सर्वांत कडू पुरावा त्याच दशकात अमेरिकेने पाहिला. झटका येऊन गेलेल्यांच्या हृदयाचे चुकार ठोके बंद केले तर अचानक मृत्यू टळतील, असा समज होता. कोणती औषधं ठोके उत्तम दाबतात हे आधी एका प्राथमिक अभ्यासात पाहिलं, मग एन्कायनाइड, फ्लेकायनाइड आणि मोरिसिझिन ही कास्ट नावाच्या चाचणीसाठी निवडली. औषधांनी ठोके छान दाबले. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइडची चाचणी 1989 मध्ये अर्ध्यावर थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले होते आणि प्लासिबो (दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी) घेणाऱ्या 743 पैकी 26. औषधाची निवड ज्या खुणेवरून झाली ती खूण सुधारली आणि माणसं गेली.

टीपीएचं तसं झालं नाही, ते चांगलंच औषध निघालं. मात्र वाहिन्या दुप्पट उघडतात म्हणून जीवही दुप्पट वाचतात, हे खरं ठरलं नाही. आयसिस-3 मध्ये 41,299 रुग्णांवर तुलना झाली. स्ट्रेप्टोकायनेजच्या गटात मृत्यू 10.6 टक्के, टीपीएच्या गटात 10.3. पुढे 1993 च्या गस्टो चाचणीत टीपीए अधिक वेगाने देऊन एका टक्क्याचा फायदा दिसला, 7.3 ऐवजी 6.3. एक टक्का म्हणजे शंभरात एक जीव, तो कमी नाही. पण किमतीतली तफावत इतकी मोठी होती, की जगातल्या बहुतेक इस्पितळांपुढे टीपीए की स्ट्रेप्टोकायनेज असा प्रश्नच नव्हता. स्ट्रेप्टोकायनेज की काहीच नाही, एवढाच होता. भारतात तर हे उघडच आहे. चंडीगडच्या इम्टेक या सरकारी प्रयोगशाळेने स्ट्रेप्टोकायनेज देशात बनवण्याचं तंत्र उभं केलं आणि ते औषध कंपन्यांना दिलं. टीपीएच्या किमतीत ही वाट निघालीच नसती.

अ‍ॅस्पिरिन आत कसं आलं

स्ट्रेप्टोकायनेजची निवड निदान पुराव्याच्या बळावर समजते. अ‍ॅस्पिरिनचा पुरावा पाहिला तर 1984 मध्ये कुणीही नाक मुरडलं असतं.

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स क्रेव्हन या फॅमिली डॉक्टरने 1950 च्या सुमारास लिहिलं होतं, की टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेनंतर अ‍ॅस्पिरिनचं च्युइंगगम चघळणाऱ्यांना रक्तस्राव जास्त होतो. त्यावरून त्याने हजारो लोकांना रोज अ‍ॅस्पिरिन घ्यायला लावलं. तुलनेचा गट मात्र नव्हता, त्यामुळे त्याची दखल कुणी घेतली नाही. 1974 मध्ये कार्डिफला पीटर एलवुड आणि आर्ची कॉक्रन यांनी 1,239 पुरुषांवर रीतसर चाचणी केली. वर्षभरात मृत्यू 25 टक्क्यांनी कमी दिसले, पण योगायोगाची शक्यता उरलीच. त्याच गटाने झटक्यानंतर लगेच एकच गोळी देऊनही पाहिलं होतं, आणि त्यात काहीच फरक दिसला नव्हता. मग अमेरिकेची एमिस ही मोठी चाचणी झाली. 4,524 रुग्ण, निकाल 1980 मध्ये. अ‍ॅस्पिरिनवाल्यांत मृत्यू 10.8 टक्के, प्लासिबोवाल्यांत 9.7. म्हणजे उलटंच! बहुतेकांच्या लेखी अ‍ॅस्पिरिनचा विषय तिथंच संपला.

पेटो यांनी त्याच वर्षी एमिससकट तोवर झालेल्या सहा चाचण्या एकत्र मांडल्या. 10,000 हून अधिक रुग्णांच्या त्या बेरजेत मृत्यू थोडे आणि पुन्हा येणारे झटके बऱ्यापैकी कमी दिसले. हे सगळे रुग्ण झटक्यातून वाचून घरी गेलेले होते. ताज्या झटक्यात काय होतं, ते यावरून कळत नव्हतं. पण 1983 मध्ये आणखी एक दुवा मिळाला. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या इस्पितळांत अस्थिर अंजायनाच्या 1,266 पुरुषांना 12 आठवडे अ‍ॅस्पिरिन दिलं, आणि मृत्यू व झटके मिळून निम्म्यावर आले. अस्थिर अंजायना म्हणजे वाहिनीत गुठळी धरू पाहतेय, अशी अवस्था. जिथे गुठळी ताजी आणि हलती आहे तिथे अ‍ॅस्पिरिन अधिक चालतं, असं सुचवणारा हा निकाल होता. आणि झटक्याच्या पहिल्या दिवसाइतकी ताजी गुठळी दुसरीकडे कुठे मिळणार?

दुसरं कारण स्ट्रेप्टोकायनेजच्याच पोटात होतं. ते गुठळी विरघळवतं, पण ज्या खरबरीत जागी गुठळी धरली ती जागा तशीच राहते आणि प्लेटलेट पुन्हा तिथे चिकटू लागतात. अ‍ॅस्पिरिन प्लेटलेटमधलं एक विकर कायमचं बंद करतं आणि त्या प्लेटलेटच्या आयुष्यभर, म्हणजे आठ-दहा दिवस, ते उघडत नाही. एकाने वाट मोकळी करायची, दुसऱ्याने ती पुन्हा बुजू द्यायची नाही.

तिसरं कारण व्यवहाराचं, आणि माझ्या मते निर्णायक. दोन औषधं तपासायला दोन चाचण्या लागत नाहीत. प्रत्येक रुग्णासाठी दोन स्वतंत्र चिठ्ठ्या टाकायच्या. पहिली सांगते सलाईनमधून स्ट्रेप्टोकायनेज की प्लासिबो, दुसरी सांगते अ‍ॅस्पिरिनची गोळी की प्लासिबो. चार गट पडतात: दोन्ही, फक्त हे, फक्त ते, काहीच नाही. स्ट्रेप्टोकायनेजचा प्रश्न सोडवताना सगळे 17,000 रुग्ण कामी येतात आणि अ‍ॅस्पिरिनचा सोडवतानाही तेच. शिवाय दोन्ही एकत्र दिल्यावर गुण वाढतो की रक्तस्राव, हेही कळतं. पेटंट नसलेल्या, पैशाला पासरी मिळणाऱ्या गोळीसाठी 17,000 रुग्णांची स्वतंत्र चाचणी कुठल्या कंपनीने पोसली असती? स्ट्रेप्टोकायनेजच्या पाठीवर बसूनच अ‍ॅस्पिरिनला ही संधी मिळाली.

मात्रा, वेळ आणि शंका

औषध ठरलं तरी निवड संपत नाही. जुन्या चाचण्यांत स्ट्रेप्टोकायनेजची सलाईन चोवीस-चोवीस तास चाले, सोबत रक्ताच्या तपासण्या, ताप आणि स्राव. जर्मनीत रॉल्फ श्रोडर यांनी 1983 मध्ये कमी वेळात जास्त मात्रा देण्याची पद्धत दाखवली होती. आयसिस-2 ने 15 लाख युनिट एका तासात, ही मात्रा धरली. तालुक्याच्या इस्पितळातली नर्सही ते करू शकेल, इतकं ते साधं होतं. अ‍ॅस्पिरिन 160 मिलिग्रॅम रोज, महिनाभर. एमिसमध्ये रोज 1,000 मिलिग्रॅम दिलं होतं, आणि पोटाच्या तक्रारी त्याच प्रमाणात आल्या होत्या. पहिली गोळी गिळायची नाही, चावून किंवा चुरडून घ्यायची, म्हणजे गोळीवरचं आवरण फुटून औषध लवकर रक्तात उतरतं. छातीत कळ आली की अ‍ॅस्पिरिन चावून खा, हा सल्ला आज घरोघरी दिला जातो. 417 इस्पितळांत ही गोळी अशीच चावून घेतली जात होती.

रक्त गोठू न देणारं हेपॅरिनही शर्यतीत होतं. मुख्य चाचणीआधी 619 रुग्णांवर जी प्राथमिक चाचणी झाली, तिच्यात स्ट्रेप्टोकायनेज, अ‍ॅस्पिरिन आणि हेपॅरिन अशी तीनही औषधं चिठ्ठ्या टाकून दिली होती. मुख्य चाचणीत मात्र हेपॅरिन डॉक्टरांच्या मर्जीवर सोडलं. त्याची रुखरुख पुढे राहिली. आयसिस-3 मध्ये हेपॅरिनचा प्रश्न पुन्हा हाती घ्यावा लागला.

वेळेची मर्यादा हा सर्वांत धाडसी निर्णय. त्याच सुमारास इटलीत गिस्सी ही स्ट्रेप्टोकायनेजची चाचणी 176 युनिटांत 11,806 रुग्णांवर चालू होती आणि तिने 12 तासांच्या आत आलेले रुग्ण घेतले. तिचा निकाल 1986 मध्ये आला. मृत्यू 13.0 वरून 10.7 टक्क्यांवर, पण 6 तासांनंतर आलेल्यांत फायदा ठळक दिसला नाही. आयसिस-2 ने थेट 24 तासांपर्यंत दार उघडं ठेवलं होतं. इतक्या उशिरा काय वाचणार, असं अनेकांना वाटे. ऑक्सफर्डचं म्हणणं साधं होतं: वाटतं ना, मग तपासून पाहू.

कोणता रुग्ण घ्यायचा याची लांबलचक यादीही नव्हती. हार्ट अटॅकची शंका असेल आणि औषध द्यावं की नाही याबद्दल डॉक्टर स्वतः साशंक असेल, तर फोन लावायचा, मोजकी माहिती सांगायची आणि नेमून दिलेलं औषध सुरू करायचं. डॉक्टरला एखाद्या रुग्णाबद्दल खात्री असेल, मग ती कुठल्याही बाजूची असो, तर तो रुग्ण चाचणीबाहेर. गिस्सीचा निकाल आल्यावर या नियमाची खरी कसोटी लागली. देखरेख समितीने 1987 मध्ये पहिल्या 4 तासांत आलेल्यांना स्ट्रेप्टोकायनेजचा स्पष्ट फायदा होतो, हे जाहीरच करून टाकलं आणि पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोपवला. चाचणी चालू असताना आपलाच निकाल अर्धा फोडायचा, ही गोष्ट संख्याशास्त्राच्या पुस्तकी शिस्तीत बसत नाही. माणुसकीत बसते.

निकाल आणि राशी

पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणाने झालेले मृत्यू असे: काहीच न मिळालेल्या 4,300 पैकी 568, म्हणजे 13.2 टक्के. दोन्ही औषधं मिळालेल्या 4,292 पैकी 343, म्हणजे 8.0 टक्के. स्ट्रेप्टोकायनेजमुळे एकंदर 12.0 वरून 9.2. अ‍ॅस्पिरिनमुळे 11.8 वरून 9.4. काही पैशांची गोळी आणि शिरेतून देण्याचं औषध जवळपास तोडीस तोड निघाले आणि दोघांचे गुण एकमेकांत भरच घालत गेले. स्ट्रेप्टोकायनेज एकटं दिल्यावर पुन्हा झटका येण्याचं प्रमाण किंचित वाढत होतं. सोबत अ‍ॅस्पिरिन असलं की ती वाढ नाहीशी होत होती. म्हणजे प्लेटलेटची भीती खरी होती. किंमतही मोजावी लागली: रक्त द्यावं लागेल असा स्राव 0.2 ऐवजी 0.5 टक्के लोकांत झाला, आणि मेंदूतला रक्तस्राव हजारात एखाद्याला.

निकाल छापताना ‘लॅन्सेट’च्या संपादकांनी विचारलं: स्त्रिया, वृद्ध, मधुमेही अशा वेगवेगळ्या गटांत काय दिसतं ते द्या. लेखकांनी दिलं, पण सोबत राशीही घातल्या. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिनचा किंचित तोटा, बाकी दहा राशींना घसघशीत फायदा! (या जन्मतारखेवरून ठरणाऱ्या सूर्यराशी. आपल्या पत्रिकेतली चंद्ररास धरली असती तर बहुधा दुसऱ्याच कुणावर संक्रांत आली असती.) आकडे खरे होते. मोठ्या गटाचे बारीक तुकडे केले की कुठल्या ना कुठल्या तुकड्यात योगायोग डोकं वर काढतोच, हे त्यांना दाखवायचं होतं. गिस्सीच्या ‘6 तासांनंतर फायदा नाही’ या तुकड्याकडेही असंच सावधपणे पाहायला हवं होतं. आयसिस-2 मध्ये 5 ते 12 तासांत आणि 13 ते 24 तासांत आलेल्यांनाही दोन्ही औषधांच्या जोडीने मृत्यूची शक्यता अनुक्रमे 32 आणि 38 टक्क्यांनी घटलेली दिसली. स्ट्रेप्टोकायनेजसारख्या औषधांच्या नऊ मोठ्या चाचण्यांचा 1994 मध्ये एकत्र आढावा घेतला, तेव्हा 12 तासांपर्यंतचा फायदा पक्का ठरला. त्यापुढचा तितका पक्का नाही.

या 24 तासांच्या निर्णयाचं मोल आपल्याकडे अधिक कळतं. 2008 मध्ये छापलेल्या क्रिएट नोंदवहीत भारतातल्या 89 इस्पितळांतल्या 20,468 रुग्णांची माहिती आहे. दुखायला लागल्यापासून इस्पितळात पोचायला लागलेला मध्यक वेळ 360 मिनिटं, म्हणजे निम्मे रुग्ण सहा तास उलटल्यावर आले. गुठळी विरघळवणारं औषध ज्यांना मिळालं, त्यांतल्या बहुतेक सगळ्यांना स्ट्रेप्टोकायनेजच मिळालं. आयसिस-2 चं दार सहा तासांवर बंद असतं, तर या अर्ध्या लोकांसाठी पुरावाच फार तुटपुंजा राहिला असता.

मग 1973 मध्येच का नाही

आता या निवडीवरचा सर्वांत टोकदार आक्षेप. 1992 मध्ये जोसेफ लाऊ आणि सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकायनेजच्या 33 चाचण्या तारखेप्रमाणे एकेक करून बेरजेत घातल्या. त्यांना दिसलं, की 1973 मध्येच, फक्त आठ चाचण्या आणि 2,432 रुग्णांनंतर, फायदा सिद्ध झालेला होता. त्यानंतरच्या 25 चाचण्यांत 34,542 रुग्ण घेतले गेले, पण उत्तर बदललं नाही. मग आयसिस-2 मध्ये प्लासिबोचं सलाईन मिळालेल्यांचं काय? ज्यांना काहीच मिळालं नाही त्या 4,300 जणांत मृत्यूचं प्रमाण दोन्ही औषधांच्या गटाइतकं असतं, तर सव्वादोनशेच्या आसपास माणसं वाचली असती. हा आकडा नजरेआड करून या चाचणीचं कौतुक करणं मला पटत नाही.

पण त्याच ऑक्सफर्डच्या गटाने, त्याच चाळणीतून, पुढे आणखी एक औषध निवडलं: मॅग्नेशियम. 1991 मध्ये त्याच्या सात छोट्या चाचण्या एकत्र मांडल्या गेल्या. 1,301 रुग्ण, मृत्यूची शक्यता 55 टक्क्यांनी कमी, योगायोगाची शक्यता हजारात एकाहून कमी. म्हणजे कागदावर स्ट्रेप्टोकायनेजच्या 1973 च्या पुराव्याहून भक्कम. 1992 मध्ये लेस्टरच्या 2,316 रुग्णांच्या चाचणीनेही फायदा दाखवला. स्वस्त, सुरक्षित, कुठेही मिळणारं औषध. काहींनी तर आता तपासणी कशाला, सरळ देऊच या, असंही म्हटलं. आयसिस-4 मध्ये 58,050 रुग्णांवर ते तपासलं. मृत्यू मॅग्नेशियमच्या गटात 7.64 टक्के, त्याविना 7.24. काहीच गुण नाही.

दोन्हींत फरक कुठे होता? रुग्णांची संख्या न पाहता मृत्यूंची संख्या पाहिली, तर थोडं उमगतं. मॅग्नेशियमच्या त्या सात चाचण्यांत दोन्ही गटांत मिळून 78 मृत्यू होते, 25 विरुद्ध 53. दहा-पंधरा मृत्यू इकडचे तिकडे झाले की चित्र पालटतं, आणि फायदा न दिसलेल्या एखाद-दोन छोट्या चाचण्या कुणी छापल्याच नसतील, तर तेवढंही पुरतं. स्ट्रेप्टोकायनेजच्या जुन्या चाचण्यांत शेकडो मृत्यूंची नोंद होती. असा फरक आज मागे वळून सांगणं सोपं आहे. निवड करताना मात्र दोन्ही औषधांमागे सारखाच कागद होता: छोट्या चाचण्यांची बेरीज आणि एक पटण्याजोगं कारण.

मॅग्नेशियमवाल्यांनी हार मानली नाही. आयसिस-4 मध्ये ते उशिरा दिलं, गुठळी विरघळवून झाल्यावर दिलं, म्हणून गुण आला नाही, असं त्यांचं म्हणणं. आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. म्हणून मॅजिक नावाची आणखी एक चाचणी झाली, त्यात लवकर आणि धोका अधिक असलेल्यांनाच मॅग्नेशियम दिलं. 6,213 रुग्ण, निकाल 2002 मध्ये. तीस दिवसांतले मृत्यू मॅग्नेशियमच्या गटात 15.3 टक्के, प्लासिबोच्या गटात 15.2.